बसच्या कप्प्यातला ई-रीडर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून फसू नका. अंगाने मी शाळेतल्या पाटीपेक्षा लहान आणि रंगाने तव्यासारखा, म्हणून पुष्कळांना मी बिघडलेला मोबाइल वाटतो. मला गाणी वाजवता येत नाहीत, कुणाला फोन लावता येत नाही आणि लाल-हिरवा हा प्रकार मी फक्त पुस्तकात वाचला आहे. मी पुस्तके वाचायचे यंत्र आहे. लोक मला ई-रीडर म्हणतात. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे, पाठीवरच्या रबराचे पापुद्रे निघाले आहेत आणि पान उलटायचे बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. थोडक्यात, आता मी म्हातारा झालो आहे. तरी अक्षर मात्र अजून ठळक उमटते, हे मी जरा अभिमानाने सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक मेजाशी टोप्या घातलेल्या बायका बसत आणि आम्ही एकेकीच्या हातून पुढे सरकत असू. एकीने माझ्या पोटात बॅटरी बसवली, दुसरीने वरची काच दोन बोटांनी अशी अलगद टेकवली की मला लागलेसुद्धा नाही. शेवटी बसलेल्या तपासनीस बाईने माझ्यावर सगळी अक्षरे एकदम उमटवून पाहिली, मान हलवली आणि मला खोक्यात ठेवले. आपल्याला वाचता येते, हे मला त्या दिवशी कळले. त्या आनंदात खोक्यातला अंधारही मला खटकला नाही.

मला विकत घेतले ते ताईंनी. ताई शहरात बस चालवत. गाडी अगदी नियमात चालवत, पण बाकी सगळे घाईत. जेवण घाईत, बोलणे घाईत, आणि कादंबरी हातात आली की आधी शेवटचे पान वाचणार. डेपोतल्या लोकांनी त्यांचे नावच ‘वावटळ’ ठेवले होते. त्या डेपोत एक कडक नियम होता. चालकाने कामावर चढताना आपला मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावायचे. पुस्तक मात्र जवळ ठेवायला परवानगी होती. मग मी मोबाइल की पुस्तक, असा पेच पडला. डेपोच्या साहेबांनी मला उलटेसुलटे करून पाहिले, कानाला लावले, माझ्यातून काही आवाज निघतो का ते पाहिले, आणि शेवटी निकाल दिला की हे पुस्तकच आहे. अशा रीतीने चालकाच्या आसनाशेजारच्या कप्प्यात मला कायमची जागा मिळाली.

दुपारी ताईंची पाळी संपली की तीच बस कासवराव ताब्यात घेत. हेही अर्थात डेपोने ठेवलेले नाव. कासवराव वयाने ताईंपेक्षा मोठे होते, तरी त्यांना ‘ताई’च म्हणत. ते इतके सावकाश बोलत की वाक्याच्या शेवटापर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार होई. बस सोपवताना गाडीची खोड दुसऱ्याला सांगायची, ही त्या दोघांची जुनी शिस्त होती. मागचे दार जरा अडकते आहे, डावा आरसा सैल आहे, असे ताई सांगत. मी आल्यापासून त्यात माझी भर पडली. दार अडकते आहे, आरसा सैल आहे, आणि मधल्या मुलीचे लग्न मोडते आहे, पण आत्ताच वाईट वाटून घेऊ नका, पुढे बघा. कासवराव हात वर करून म्हणत की ताई, पुढचे सांगू नका. पण तोपर्यंत सांगून झालेले असे.

एक पुस्तक आणि दोन वाचणारे, अशी माझी नोकरी होती. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली की ताई डबा उघडत आणि मला स्टेअरिंगला टेकवून वाचत. त्यांना बारीक अक्षर चाले. दुपारनंतर कासवराव चष्मा पुसून अक्षर मोठे करत आणि ताईंनी गाळलेली पाने मागे जाऊन शांतपणे वाचत. रोज माझी अक्षरे एकदा लहान होत आणि एकदा मोठी. कधी उतरणारे प्रवासी थांबून विचारत की हे काय आहे. मग कासवराव मला वर धरून सांगत की यात एक अख्खे कपाट मावते. असे कौतुक ऐकले की माझी बॅटरीसुद्धा जरा जास्त टिकायची, निदान मला तसे वाटायचे.

माझ्यात इंटरनेटची एक छोटी खिडकीही होती. शेवटच्या थांब्यावर वायफाय मिळे. मोबाइल कुलपात असल्यामुळे ताई तिथे माझ्यावरच आपला ईमेल उघडून पाहत. दर वेळी माझ्यावर पासवर्ड लिहिणे म्हणजे घाईच्या माणसाला शिक्षाच, म्हणून त्यांनी तो उघडाच ठेवला होता. कासवरावांना हे माहीत होते. चुकून त्यांचे बोट तिथे लागलेच, तर ते चटकन मागे फिरत, कुणी झोपलेले असताना खोलीचे दार ओढून घ्यावे तसे. ही गोष्ट माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती.

आता तुम्हाला एक नीट समजून घ्यावे लागेल. माझ्यासारख्या यंत्राच्या आत कितीतरी सूचना लिहिलेल्या असतात आणि त्यांत कुठे ना कुठे फटी राहून जातात. चोर त्या फटी हुडकत असतात. मला बनवणारी कंपनी दुरूनच डागडुजी पाठवून त्या बुजवत असे. तिला अपडेट म्हणतात. ते आले की मी क्षणभर झोपी जाई आणि थोडा शहाणा होऊन उठे. पण यंत्र जुने झाले की एक दिवस कंपनी त्याच्याकडे पाहणे सोडून देते. तसा दिवस माझ्याही नशिबी आला. माझ्या पडद्यावर एक सूचना उमटली. यापुढे अपडेट मिळणार नाहीत, तरी काळजी घ्यावी, असे तीत लिहिले होते. ताईंनी पहिल्या ओळीवरच ‘ठीक आहे’ दाबले. पुन्हा ती उमटली तेव्हा मी कासवरावांच्या हातात होतो. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि दुसऱ्या दिवशी बस घेताना ताईंच्या कानावर घातली. ताई हसल्या. म्हणाल्या, आपली बस तरी कुठे काल जन्मली आहे, धावतेच ना? कासवराव थोडे थांबून म्हणाले की धावते, पण तिचे ब्रेक कुणीतरी नेमाने बघते. तोवर ताई अर्ध्या वाटेवर गेल्या होत्या.

तेव्हा ते दोघे जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची लांबलचक कादंबरी वाचत होते. तिचे तीन भाग होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो स्वयंपाकी वादळात पाण्यात पडतो आणि भाग संपतो. तिसरा भाग घ्यायला ताई दुकानात गेल्या, म्हणजे माझ्यातल्या दुकानात, तर ते माझ्यासाठी बंद झालेले. जुन्या यंत्रांना तिथे आता प्रवेश नव्हता. कासवराव म्हणाले, वाचनालयात नाव नोंदवू, येईल आपला नंबर. पण स्वयंपाक्याला पाण्यात टाकून इतके दिवस थांबणे ताईंना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी माझ्या छोट्या खिडकीतून शोधाशोध केली आणि एका अनोळखी ठिकाणी तो भाग फुकट मिळाला. फुकट ते पौष्टिक, असे म्हणत त्यांनी तो उतरवून घेतला.

मित्रांनो, ते पुस्तक माझ्यात शिरले तेव्हा त्याच्यामागून आणखी काहीतरी शिरले. नवे अपडेट मिळाले असते तर मी त्याला उंबऱ्यावरच अडवले असते. आता ती फट मला दिसतही नव्हती. पान उलटताना मी नेहमीपेक्षा रेंगाळत होतो, बॅटरी भराभर उतरत होती. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण माझ्या मनातले मला माझ्यावर उमटवता येत नाही. स्वयंपाकी जिवंत निघाला. दोघेही खूश झाले. आणि ताईंचा उघडा ईमेल दूरवरचा कुणी परका माणूस निवांत वाचू लागला.

त्याच सुमारास ताईंच्या आईचे ऑपरेशन ठरले. आई फार मानी. आपले दुखणे चारचौघांत जाऊ नये, अशी त्यांनी लेकीला ताकीदच दिली होती. ताईंनी ते परदेशी असलेल्या भावाला ईमेलवर कळवले, आणि एकदा मन फारच भरून आले तेव्हा शेवटच्या थांब्यावर कासवरावांना सांगितले. तिसऱ्या कुणाला त्या बोलल्या नाहीत.

आणि एके सकाळी ताईंच्या नावाने सगळ्या ओळखीच्यांना पत्र गेले. आईचे ऑपरेशन आहे, हातात काही उरलेले नाही, लाज सोडून मदत मागते आहे, असे त्यात लिहिले होते. पैसे कुठे पाठवायचे तेही होते. भावाने फोन करून खात्री केली म्हणून तो वाचला. पण आईच्या दोन मैत्रिणींनी काहीही न विचारता मदत पाठवून दिली, आणि ती चोराच्या घशात गेली. बाकीचे सांत्वन करायला घरी येऊ लागले. आईने सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांना हसून वाटेला लावले आणि दार लावून घेतल्यावर लेकीला म्हणाल्या, “माझं दुखणं घेऊन दारोदार मागत फिरलीस?” ताई शपथेवर सांगत राहिल्या की ते पत्र त्यांचे नाही. आईचे म्हणणे एवढेच होते की मग दुखण्याची बातमी बाहेर गेली कशी. त्यानंतर त्यांनी लेकीशी बोलणे जवळजवळ टाकले.

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. घराबाहेर ही गोष्ट एकाच माणसाला माहीत होती. ईमेल उघडा असलेला मी अर्धा दिवस त्याच माणसाच्या हातात असे. डेपोत कुणी म्हणालेही की कासवराव म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय. ताई मोठ्याने काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बस सोपवताना त्यांनी कासवरावांच्या देखत मला कप्प्यातून उचलले आणि आपल्या पिशवीत टाकले. कासवराव रिकाम्या कप्प्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी नेहमीसारखे विचारले, “आई कशा आहेत?”

“तुम्हाला ठाऊकच असेल,” ताई म्हणाल्या आणि उतरल्या.

मी पिशवीच्या तोंडाशी होतो, म्हणून मला कासवरावांचा चेहरा दिसला. इतकी वर्षे मी त्यांच्यासाठी अक्षरे मोठी करत आलो, पण त्या क्षणी मला त्यांच्यासाठी काहीच करता आले नाही. मला फार वाईट वाटले. पुढे ते दोघे बस सोपवत ती किल्ली देऊन आणि किल्ली घेऊन, बस्स. मागचे दार अडकले काय आणि आरसा पडला काय. थोड्या दिवसांनी ताईंच्या कानावर आले की कासवरावांनी दुसऱ्या मार्गावर बदली मागितली आहे. बरेच झाले, असे त्या बोलून गेल्या, आणि घरी आल्यावर जेवल्या नाहीत.

मी त्यांच्या खणात पडून होतो. वर जुनी बिले, खाली सुटी बटणे. कुणी मला उघडत नव्हते आणि कुणी मला बंदही केले नव्हते. घरच्या वायफायने मी जोडलेलाच होतो, त्यामुळे त्या परक्याचे येणे-जाणे चालूच राहिले. ताईंनी मोबाइलवरून पासवर्ड बदलला, पण खणातल्या माझी कुणाला आठवण झाली नाही. त्यानंतर एकदा माझ्या खिडकीने नवा पासवर्ड मागितला. मागचे एक पुस्तक पाहायला मला उघडलेल्या ताईंनी तो घाईघाईत लिहून टाकला. म्हणजे कुलूप नवे आणि किल्ली पुन्हा चोराच्याच हातात. दुसरे पत्र गेले. ते या वेळी डेपोच्या साहेबांपर्यंत पोचले.

तेव्हा कुठे ताई पोलिसांकडे गेल्या. इंटरनेटवरच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या एक इन्स्पेक्टर बाई होत्या. त्यांनी ताईंच्या ईमेलमध्ये कोण कुठून शिरले होते ते काढले. सगळे शिरणे एका दूरच्या, अनोळखी ठिकाणाहून होते. मग त्यांनी विचारले की हा ईमेल तुम्ही मोबाइलशिवाय आणखी कशावर उघडता? ताई आधी नाही म्हणाल्या. मग आठवून त्यांनी खणातून मला आणून दिले. बाईंनी मला उलटे केले, माझे वय वाचले, शेवटच्या अपडेटची तारीख पाहिली आणि ते फुकट पुस्तक पाहिल्यावर मान डोलावली. अशाच जुन्या ई-रीडरवर त्याच ठिकाणाहून पुस्तके उतरवलेल्या आणखी काही जणांच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणून त्या हसल्या. ताईंना हसू आले नाही.

“पहिलं पत्र गेलं तेव्हा तुमचा संशय असलेले ते गृहस्थ कुठे होते?” बाईंनी विचारले.

ताईंनी ती वेळ पाहिली. त्या सकाळी त्यांनी स्वतःच आईच्या तपासणीसाठी कासवरावांना आपली पाळी घ्यायला सांगितली होती, आणि त्यांनी एका शब्दाने कुरकुर न करता ती घेतली होती. “बस चालवत होते,” ताई म्हणाल्या. “माझ्याऐवजी.”

घरी जाऊन त्यांनी आईला सगळे सांगितले. सूचना न वाचता बोट कसे दाबले, फुकटचे पुस्तक कसे घेतले, आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी कशी दिली, सगळे. आई बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मला काय सांगतेस? त्याला जाऊन सांग.” इतक्या दिवसांत आईने त्यांच्याशी बोललेले हे सर्वांत मोठे वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी पाळी संपूनही ताई बसमधून उतरल्या नाहीत. कासवरावांच्या मागच्याच आसनावर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या. इन्स्पेक्टर बाईंनी तपासून परत दिलेला मी त्यांच्या मांडीवर होतो. सगळे प्रवासी उतरले, कासवरावांनी इंजिन बंद केले, पण मागे वळून पाहिले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ताईंना शब्द सापडायला वेळ लागला.

“कासवराव, माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “आईचं तुम्हीच बाहेर काढलंत असं मी धरून चालले. ते तुम्ही नव्हतात.”

“मी नव्हतो, हे मला ठाऊक होतं,” कासवराव म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

कासवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तुम्ही विचारलं असतंत तर बोललो असतो. तुम्ही विचारलंच नाहीत, ताई. ते लागलं.”

ताई रडल्या. घाईने नाही, अगदी सावकाश रडल्या. कासवराव वळून बसले आणि थांबून राहिले. थोड्या वेळाने डोळे पुसून ताईंनी विचारले की बदलीचा अर्ज मंजूर झाला असेल, तर आता परत घेता येईल का.

“मंजूर कुठला व्हायला,” कासवराव म्हणाले. “देतानाच मी साहेबांना सांगितलं होतं, घाई करू नका. सावकाश बघा.”

मग त्यांनी आईंची चौकशी केली, आणि ताईंनी त्यांना ऑपरेशन नीट पार पडले तिथपासूनचे सगळे सांगितले. मागच्या बसवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा कुठे ते दोघे भानावर आले.

इन्स्पेक्टर बाईंनी सांगितल्याप्रमाणे ताईंनी मला पार पुसून कोरा केला. माझे वायफाय कायमचे बंद केले, माझ्यातले खाते काढून टाकले, आणि ईमेलचा पासवर्ड बदलून तो माझ्यावर पुन्हा कधी लिहिला नाही. आता वाचनालयातून घेतलेली पुस्तके आधी तपासली जातात आणि वायरीने माझ्यात उतरतात. सध्या मी आईंच्या उशाशी असतो. त्यांना कासवरावांपेक्षाही मोठी अक्षरे लागतात. आठवड्याच्या सुट्टीला कासवराव येतात आणि त्यांना दोन-चार पाने वाचून दाखवतात. आईंना त्यांचा वेग फार आवडतो, कारण मधे डुलकी लागली तरी काही चुकत नाही.

मित्रांनो, जुने झाले म्हणून आम्हाला फेकून देऊ नका. आमच्यात अजून पुष्कळ वाचायचे शिल्लक असते. पण आमची डागडुजी थांबली की आम्हाला जगाशी जोडून ठेवू नका, तुमची पत्रे आणि पासवर्ड आमच्या हवाली करू नका, आणि अनोळखी ठिकाणचे फुकट काही आमच्या पोटात घालू नका. आम्ही एखादी सूचना दाखवली तर ती शेवटपर्यंत वाचा, कारण बोलायची आम्हाला तेवढीच संधी असते. आणि तरीही कधी काही विपरीत घडले, तर आधी आम्हाला उघडून पाहा. आमच्यावर संशय घेतलात तर आम्हाला काहीही वाटत नाही. माणसाला वाटते, आणि तो गप्प बसून तुम्ही विचाराल म्हणून वाट पाहत राहतो.